वस्तू एक, नावं तीन

मी दिंडोरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे, ते आपण घरात रोज करतो. पण त्याची नोकरीही असते, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या एका गटानं नागलीचे पापड ऑनलाइन विक्रीला ठेवले. माहिती मीच भरली. नाव लिहिलं ‘नागली पापड’, फोटो टाकला आणि वाट बघत बसलो. महिना गेला, एकही ऑर्डर नाही. बायकांचा पैसा अडकला. पावसाळा तोंडावर आला. मग पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला, “अगं, तुमचे पापड दिसतच नाहीत.” ती शोधत होती ‘नाचणी’. हिंदी बोलणारं गिऱ्हाईक शोधतं ‘रागी’. शिवाय मी वर्ग निवडला होता ‘लोणची’! तिन्ही नावं घातली, वर्ग सुधारला, वजन आणि टिकण्याची मुदत लिहिली, तेव्हा ऑर्डरी आल्या. तोवर अर्धा माल गावातच स्वस्तात द्यावा लागला होता. तो तोटा माझ्या भरलेल्या माहितीचा होता, पापडाचा नव्हे.

वस्तूबद्दलच्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. कशाखाली काय येतं आणि कोणती नावं एकाच वस्तूची, हे ठरवणारी मांडणी म्हणजे टॅक्सॉनॉमी. शब्द जड आहेत, काम मात्र आपल्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावण्यासारखंच आहे.

आपल्या तालुक्याला हे नवं नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा प्लॉट आधी नोंदवावा लागतो. परदेशात गेलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो, तो अपेडाच्या ग्रेपनेटवरच्या नोंदींमुळे. पुस्तकांचंही तसंच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. असं कुणी केलं नसतं, तर कितीतरी पुस्तकं छापूनही हरवल्यासारखीच झाली असती.

आज हे काम ग्रंथालयांत, वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांच्या संग्रहात, ऑनलाइन दुकानांत असतं. दुकानांत त्याला बहुतेकदा ‘कॅटलॉगिंग’ म्हणतात. पदवी झालेल्या मुलींना ग्रंथालयशास्त्र शिकता येतं. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात घर सांभाळूनही ते करता येतं. जोडीला एक्सेल आणि कामापुरतं इंग्रजी हवं. खोटं सांगत नाही, सुरुवातीचं काम कंटाळवाणं असतं. दिवसभर रकाने भरायचे, तेच तेच तपासायचं. पण नागली म्हणजेच नाचणी, हे ज्याला माहीत आहे, त्याचीच तिथं गरज असते. ते ज्ञान तुमच्याकडे आहे.

सुरुवात आजच करा. गटाची नोंदवही उघडा. एकाच बाईचं नाव आधारवर एक, पासबुकात दुसरं, वहीत तिसरं, असं आहे का बघा. असेल तर त्याची यादी करा आणि पुढच्या बैठकीत एकेक दुरुस्त करायला घ्या. कर्जाच्या वेळी बँकेच्या दारातून परत यावं लागणार नाही. आणि हो, एखाद्या मुलीला ही यादी करताना मजा आली, तर तिला माझ्याकडे पाठवा. तिचा रस्ता कदाचित हाच असेल.