चेसी कापू का, दादा?

पैठणच्या एका पोराने विचारलंय, "दादा, वडिलांची जुनी पिकअप जमिनीलगत बसवायचीय. चेसी कापू का?"

आधी हे समजून घ्या. अशा गाडीत मागचा एक्सल बहुधा पाट्यांच्या खाली असतो. तो पाट्यांच्या वर घेतला, की गाडी चांगलीच खाली बसते. पण मग खड्ड्यात एक्सल वर उचलला की चेसीला धडकतो. त्याला जागा मिळावी म्हणून चेसीला खालून चंद्रकोर कापतात.

आता गोम इथंच आहे. वजन पेलतात ते चेसीचे वरचे आणि खालचे काठ. चंद्रकोर कापली की खालचा काठ तुटला! म्हणून जाणकार कारागीर तिथं जाड पत्र्याची तयार कमान बसवतो आणि वेल्डिंगच्या भरवशावर न राहता बोल्टही मारतो. नुसता टाका मारला, तर मोसंबीच्या भरल्या क्रेटखाली तिथूनच तडा जाणार.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याचंही भांडण.

म्हणून भावा, माझं उत्तर 'नको'. नाथषष्ठीला याच गाडीत घरची माणसं बसणार ना? मग पाटे, ब्रेक नवे कर, रंग दे. वडिलांची गाडी आहे तशी उभी राहू दे.

भेटूया पुढच्या भागात.