चंची आधी आपण मिटावी
(ज्ञातिमंडळाच्या निरगुडसर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तंबाखू सोडा, असा उपदेश तरुणांना करणे सोपे आहे. परंतु ती त्यांच्या हाती दिली कोणी, हे विचारणे अवघड आहे. "जा रे, दुकानातून पुडी आण," असे नातवास सांगणारे आपणच. सकाळी तव्यावर मिसरी भाजली जाते, ती आपल्याच घरात. लग्नघरी पाहुण्यांपुढे तबक फिरते, त्यातही तंबाखू असतेच. मग मुलाने चिमूट तोंडात टाकली, तर नवल ते काय?

तंबाखूने तरतरी येते, असे शेतात राबणारे बांधव म्हणतात. खरे पाहता, चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन गालाच्या त्वचेतून झटकन रक्तात उतरते. त्याचा अंमल ओसरला की जीव कासावीस होतो आणि पुन्हा बार भरला की बरे वाटते. व्यसनानेच निर्माण केलेली उणीव व्यसन भरून काढते. तिलाच आपण तरतरी समजतो!

सुपारीही निर्दोष नाही. तिच्यामुळे गालाचे आतील अस्तर ताठरते, तोंड उघडेनासे होते. सुगंधी पुड्यांत तर दोहोंचा संगम. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. घराच्या उंबरठ्याआत आपलीच सत्ता असते.

श्री. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आपल्याला वेळीच कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविली आहे. ग्रामस्वच्छता अभियानाने खेडोपाडी पोहोचलेले आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्याच कर्करोगाने गेले. वय अवघे ५७. थोरामोठ्यांची ही गत, तेथे आपली काय कथा?

म्हणून माझी तीन मागण्यांची झोळी आहे. मुलांना तंबाखू आणावयास पाठवू नये. आपल्या ज्ञातीच्या कोणत्याही कार्यात तबकात तंबाखू ठेवू नये. आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसल्यास लाज न धरता डॉक्टरांस दाखवावे. आरंभी कळलेला रोग बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

तरुण मित्रांनो, तुम्हांस वडिलांनी सोडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तुम्ही सोडलीत, तर कदाचित तेच तुमच्याकडून शिकतील.