उघडी मूठ



विद्वत्तेचे भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बाणसुत्त आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. मरणोन्मुख गुरूजवळ बसलेल्या शिष्याची हकीगत म्हणून ते मी वाचले मात्र गेल्या वर्षी, आणि त्याला कारण घडले.

तथागत तेव्हा 80 वर्षांचे होते. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात त्यांना प्राणांतिक वेदना झाल्या. त्यातून ते सावरल्यावर आनंद म्हणाला की, भिक्खुसंघाविषयी काही सांगितल्यावाचून भगवान जाणार नाहीत, एवढाच मला दिलासा होता. त्यावर तथागतांनी सांगितले की, काही विद्या स्वतःपाशी राखून ठेवणारी आचार्याची बंद मूठ त्यांच्यापाशी नाही. आतले-बाहेरचे असा भेद न करता सारे सांगून झाले आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराच्या आसपासही फिरकू दिले गेले नाही, त्या आपणांस या उघड्या मुठीचे मोल निराळे सांगावयास नको. स्वतःच्या देहाविषयी ते म्हणाले की, जुनी गाडी बांधून-आवळून चालवावी तसा तो चालला आहे. या बोलण्यात तक्रार नाही आणि लपवालपवही नाही.

पुढे पावा येथे चुंद लोहाराच्या घरी भोजन घेतल्यावर त्यांना रक्तातिसार जडला. तशा स्थितीत कुशीनाराची वाट चालताना त्यांना चिंता पडली ती चुंदाची. त्याच्या मनाला पश्चात्ताप जाळील, म्हणून त्यांनी आनंदाला त्याची समजूत घालण्यास बजावले: संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे अखेरचे भोजन, दोहोंचे पुण्यफल सारखेच. ते अन्न नेमके कोणते होते, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला तो वाद गौण वाटतो. मरणारा माणूस मागे राहणाऱ्याच्या मनावरचा भार उतरवीत होता.

मला नागपुरात इंग्रजी शिकविणारे गुरुजी गेल्या वर्षी वारले. परदेशी शिक्षणाचा माझा अर्ज त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला होता. येथे आल्यावर दोन वर्षे मी नेमाने पत्रे लिहिली. मग नोकरी, घर, मुले. त्यांचा आजार कळला तेव्हा माझ्या निवासाची कागदपत्रे नूतनीकरणात अडकली होती. गेलो असतो तर परत येण्याची शाश्वती नव्हती. मी गेलो नाही. त्यांच्या कन्येने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी क्षमा मागू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबविले.

"तिकडे मुलांना मराठी शिकवतोस का?"

"नाही, गुरुजी."

"मग ते कर. इकडे यायचं राहिलं ते राहिलं." पुढे त्यांना धाप लागली.

कुशीनारा येथे शालवृक्षांखाली तथागत पहुडले असता आनंद विहारात जाऊन, दाराला टेकून रडला. आपण अजून शिकतोच आहोत आणि शास्ता तर निघाले, हे त्याचे दुःख. त्याला बोलावून तथागतांनी अनित्यतेचे स्मरण दिले आणि मग त्याच्या दीर्घ सेवेची वाखाणणी भिक्खूंसमोर केली. त्याच रात्री सुभद्द परिव्राजक शंका घेऊन आला. शास्ता थकले आहेत म्हणून आनंदाने त्याला तीनदा अडविले. तथागतांनी ते ऐकले व त्याला येऊ देण्यास सांगितले. अखेरीस भिक्खूंनाही त्यांनी शंका विचारावयास सांगितले. शास्त्याच्या आदरापोटी संकोच वाटत असेल तर मित्राने मित्राला सांगावे, असेही सुचविले. कोणी बोलले नाही.

आता दर रविवारी सकाळी आमच्या तळघरात अकरा मुले बाराखडी गिरवितात. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "काका, 'श' आणि 'ष' तुम्ही सारखेच म्हणता, मग अक्षरे दोन कशाला?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. एरवी गुरुजींना विचारले असते. सभागृहात कोणास ठाऊक असेल तर भोजनाच्या वेळी मला गाठावे. आणि एखाद्या रविवारी स्वतः येऊन त्या मुलीलाच सांगितले तर फार बरे. जयभीम.