आवरत नाहीं म्हणतात तीं मुलें
(महोत्सव-सप्ताहांत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



या सप्ताहांत आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांविषयीं, देवळाविषयीं व जुन्या घंटेविषयीं पुष्कळ बोलणें झालें. आज मला बोलावयाचें आहे तें देवळांत फारशा न दिसणाऱ्या कांहीं कुटुंबांविषयीं. त्यांच्या घरीं एखादें असें मूल असतें कीं, जें घटकाभर एके जागीं बसत नाहीं, हांक मारल्यास वळून पाहत नाहीं, फटाक्याच्या आवाजानें जमिनीवर लोळण घेतें, अथवा चवथ्या इयत्तेंत जाऊनही ज्याला जोडाक्षर वाचतां येत नाहीं. आईबाप त्याला एकदोन रविवार मिस्सेला आणतात. पुढच्या बाकांवरील माना वळतात, कोणी पुटपुटतें. तिसऱ्या रविवारीं बाप एकटा येतो. आई घरीं राहते, आणि पुढें ती घरींच राहते.

लाडानें बिघडलें, असें लोक म्हणतात. हा आरोप करणारे केवळ आपल्याच गांवांत आहेत असें नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं लिओ कॅनर या वैद्यानें अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध करून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, या स्थितीचें वर्णन केलें. ती जन्मजात असावी असें त्यानें त्याच लेखांत लिहिलें होतें. तथापि आईबापांच्या थंडपणाविषयीं त्यानें मारलेले शेरे पुढें इतरांनीं उचलले, आणि कित्येक वर्षें बिचाऱ्या आयांस दोषी धरण्यांत आलें. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलँड यानें एक ग्रंथ लिहून तो समज खोडून काढला. तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि अशाच एका मुलाचा बापही होता. स्वमग्नता, अतिचंचलता, वाचन-लेखनाची अक्षमता यांचा संबंध मेंदूच्या घडणीशीं आहे. आईची माया कमी पडली म्हणून त्या उद्भवत नाहींत, हें आज वैद्यकशास्त्रास मान्य आहे. तेव्हां सासूबाईंनींही हें ऐकून ठेवावें.

मग आईबापांनीं कांहींच करावयाचें नाहीं काय? पुष्कळ करावयाचें आहे. परंतु मार देणें त्यांत येत नाहीं. मारानें मूल क्षणभर दबेल, पण त्याला काय होत होतें तें आपणांस कळणार नाहीं. ज्याला शब्द सांपडत नाहींत, तें मूल अंगानें बोलतें. यास्तव एक साधी वही ठेवावी. मूल बिथरलें त्यापूर्वीं काय घडलें, त्यानें काय केलें, व त्यावर आपण काय केलें, एवढेंच रोज लिहावें. एका घरीं मुलगा संध्याकाळीं भिंतीवर डोकें आपटीत असे. पंधरा दिवसांची वही पाहतां ध्यानीं आलें कीं, शेजारची पिठाची गिरणी सुरू होण्याची तीच वेळ. त्या सुमारास त्याला मागच्या वाडींत केळींना पाणी घालावयास नेऊं लागले, आणि डोकें आपटणें बरेंच कमी झालें. अगदीं थांबलें असें मात्र मी सांगणार नाहीं. उलट, दुकानापुढें लोळण घेतली कीं खाऊ मिळतो, असें वहींत आढळलें, तर ती विद्या आपणच शिकवीत आहों हें ओळखून घ्यावें. आज्ञा एका वेळीं एकच द्यावी. दिवसाचा क्रम चित्रें काढून भिंतीवर लावावा, आणि त्यांत बदल होणार असल्यास आधीं सांगावें.

आतां शाळेविषयीं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ झाले, आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत नांवानिशीं समावेश झाला. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या अथवा विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांची सोयही आहे. असें असतां कित्येक घरें दाखला काढीत नाहींत. मोठ्या मुलीचें लग्न अडेल, असें म्हणतात. ही भीति मला समजते. परंतु तिचें लग्न अडविणारे कोण? या मंडपांत बसलेले आपणच ना?

धर्मशिक्षणाच्या वर्गांतूनही तक्रार येते कीं, अमक्याचे मंत्र पाठ होत नाहींत, त्याला प्रथम कम्युनियन कसें द्यावें? १९१० सालीं दहावे पायस यांनीं काढलेल्या आज्ञापत्रांत संपूर्ण ज्ञानाची अट नाहीं. आपल्या शक्तीप्रमाणें मुलानें मूळ सत्यें जाणावीं, आणि ही भाकर रोजच्या भाकरीहून वेगळी आहे एवढें ओळखावें, असें त्यांत आहे. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेंत तर अपंगांस संस्कार नाकारतां येत नाहींत असें स्पष्ट म्हटलें आहे. केवळ पाठांतर झालें नाहीं म्हणून येथें कोणाचेंही मूल मागें राहणार नाहीं.

येत्या रविवारच्या महोत्सवी मिस्सेनंतर अर्धा तास फटाके व बँड वाजणार नाहींत, असें मीं मंडळास कळविलें आहे. वेदीच्या बाजूची खोली उघडी राहील. तेथून वेदी दिसते, आणि तेथें कर्णा लावलेला नाहीं. ज्यांना मुलास घेऊन बाहेर जावें लागेल त्यांनीं खुशाल जावें व पुन्हां यावें. प्रवचनांत कोणी ओरडलें तर मी थांबेन. इतरांनीं कृपा करून मागें वळून पाहूं नये.