ट्यूब आणण्याआधी पट्टी पाहा

मागच्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बोललो, तेव्हा भोपाळ आणि हुबळीहून काही श्रोत्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, घरातल्या जुन्या पट्ट्यांमध्ये नेमकी कोणती ट्यूब घालायची?" प्रश्न साधा वाटतो. मलाही वाटायचा.

आमच्या जबलपूरला दुकानात गेलात की दुकानदार एवढंच विचारतो, "चार फुटी दे दूँ?" आपण हो म्हणतो. चार फूट ही ट्यूबची अर्धीच ओळख झाली. जाडी पाहा. टी-१२, टी-८, टी-५ यातला आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग. टी-१२ ही जुनी जाड ट्यूब, ३८ मिलीमीटरची, ४० वॅटची. टी-८ म्हणजे २६ मिलीमीटर, ३६ वॅट. या दोघींच्या पिनांमधलं अंतर सारखंच, १३ मिलीमीटर. म्हणून आपल्याकडच्या ४० वॅटच्या जुन्या चोकवर ३६ वॅटची ट्यूब बिनतक्रार चालते. टी-५ मात्र वेगळ्या घराण्यातली. १६ मिलीमीटर जाड, २८ वॅट, पिनांत फक्त ५ मिलीमीटर अंतर, आणि लांबीही सुमारे ५ सेंटीमीटर कमी. तिला इलेक्ट्रॉनिक चोक लागतो. जुन्या पट्टीत ती बसत नाही, बसवायचा अट्टहासही करू नये.

चोक काय करतो, हे एकदा समजून घ्या. ट्यूबमधला वायू पेटला की करंट आपोआप वाढत सुटतो. चोक त्याला लगाम घालतो. सुरुवातीला स्टार्टर उघडतो तेव्हा जो जोराचा झटका ट्यूब पेटवतो, तोही चोकचाच. दोन फुटी दोन ट्यूब एकाच चोकवर असतील तर स्टार्टर ४ ते २२ वॅटचा घ्यायचा, नेहमीचा ४ ते ६५ वाला नाही. दुकानदार हे सांगत नाही, कारण आपण विचारत नाही.

ट्यूब नुसती लुकलुकत असेल तर आधी स्टार्टर बदला, तो स्वस्त आहे. टोकं काळी झाली असतील तर मात्र ट्यूबच संपत आली आहे. लडाखला हिवाळ्यात आमची पोरं चांगल्या ट्यूब फेकून द्यायची. दोष थंडीचा होता, पाऱ्याची वाफच नीट होत नव्हती. उशिरा समजणाऱ्या माणसाला आपण ट्यूबलाईट म्हणतो, त्या दिवसांत ते नाव आम्हालाच शोभलं असतं.

रंगाचा आकडाही वाचा. ८६५ मध्ये पहिला ८ म्हणजे रंग बऱ्यापैकी खरे दिसणार, आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन, पांढराशुभ्र उजेड. ७६५ मध्ये रंग फिके पडतात. आमच्या सौ. म्हणायच्या, "या उजेडात हळद मेल्यासारखी दिसते." स्वयंपाकघरात ८४० घ्या.

आता त्याच स्वयंपाकघराची गोष्ट. मी हौसेने तिथली पट्टी एलईडी ट्यूबसाठी बदलली. चोक आणि स्टार्टर काढून टाकले, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला आणले. काम चोख झालं. पट्टीवर चिठ्ठी मात्र लावली नाही. सैन्यात प्रत्येक गाडीचं लॉगबुक रोज तपासणारा मी, घरच्या पट्टीवर दोन ओळी लिहायचा कंटाळा केला.

मी पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. मागे एलईडी बंद पडली. कपाटावर जुनी ३६ वॅटची ट्यूब होती, सौ.नी ती स्टुलावर चढून बसवली आणि बटण दाबायला हात लांब केला. २३० व्होल्ट थेट ट्यूबच्या एका टोकाच्या फिलामेंटवर. मोठा भपका झाला, त्या दचकून खाली पडल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

काही एलईडी ट्यूबला वीज दोन्ही टोकांना लागते. तिथे धोका निराळा. एक टोक पट्टीत आणि दुसरं हातात असताना हातातल्या पिनांना करंट येऊ शकतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायरमनने बटण न्यूट्रलवर घातलेलं असू शकतं. मेन बंद करा.

आणि फ्लुरोसंट ट्यूब फुटली तर आत पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्यूम नको. जाड कागदाने तुकडे उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा, सगळं डब्यात बंद करा.

आमच्या पट्टीवर आता चिठ्ठी आहे: "फक्त एलईडी. चोक नाही. वीज डाव्या टोकाला." अक्षर सौ.चं आहे, डाव्या हाताने लिहिलेलं, थोडं वाकडं. प्लास्टर असतानाच त्यांनी ती लावली, मला न विचारता.