वेखंड एक, तेले तीन



महाराष्ट्रातील जुन्या घरांत सहाण आणि वेखंडाचा तुकडा यांची ताटातूट सहसा झाली नाही. बाळाच्या गुटीत वेखंडाचा एखादा वेढा, पोट फुगले तर बेंबीभोवती त्याचाच लेप आणि पोथ्यांच्या कपाटात त्याचीच पुरचुंडी. संस्कृतात तिचे नाव वचा; म्हणूनच उशिरा बोलणाऱ्या मुलाला ती मधातून चाटविण्याचा प्रघात पडला. अशा घरोब्याच्या वनस्पतीला १९६८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. हे ऐकून आपल्याकडे पहिला उद्गार निघतो तो आकसाचा, आयुर्वेदद्वेषाचा. उद्गार समजण्याजोगा आहे. प्रकरण मात्र तेवढे सरळ नाही.

ज्याला आपण वेखंडाचे मूळ म्हणतो ते वस्तुतः दलदलीत वाढणारे आडवे खोड होय. ते वाळवून वाफेवर ऊर्ध्वपातित केले की उग्र सुगंधी तेल मिळते. या तेलातील प्रमुख घटक बीटा-असारोन. गंमत अशी, की हे तेल सर्वत्र सारखे नाही. उत्तर अमेरिकेतील वेखंडाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २४ गुणसूत्रे. त्याच्या तेलात बीटा-असारोन जवळजवळ नसतेच. युरोपात रुजलेल्या वेखंडात तीन संच, ३६ गुणसूत्रे. त्याला बी धरत नाही आणि त्याच्या तेलात हा घटक थोडाच. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या चार संचांच्या, ४८ गुणसूत्रांच्या जातीत मात्र तो तेलाच्या ७०-८० टक्क्यांवर जातो. पाने तीच, वास जवळपास तोच, शास्त्रीय नावही तेच!

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात उंदरांच्या खाद्यात दीर्घकाळ मिसळले गेले ते ‘जम्मू’ जातीचे तेल. त्यांच्या लहान आतड्याच्या आरंभभागात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. बंदी आली ती मात्र सरसकट, ज्यात हा घटक नाही त्या स्वदेशी अमेरिकी वेखंडावरही. २००८ च्या युरोपीय नियमाने अधिक विवेक दाखविला. त्याने खाद्यपदार्थांच्या स्वादासाठी चार संचांची जातच तेवढी वर्ज्य ठरविली. अर्थात ती आपली.

जम्मूचेच नाव दहा वर्षांनी वेगळ्या कारणाने गाजले. तेथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सक्सेना, कौल, टिक्कू आणि अटल यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की बीटा-असारोन कीटकांना वंध्य करते. कोठारातल्या धान्यात वेखंड घालणाऱ्या आजीचे शहाणपण प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पण ज्या द्रव्याने किडीची वीण थांबते, ते तान्ह्याच्या पोटात किती जावे, हा प्रश्नही त्याच शोधाच्या पोटात होता. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पूर्वाचार्यांनी वेखंड कच्चे वापरण्यास सांगितलेले नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गोमूत्रात, मग मुंडीच्या आणि पंचपल्लवांच्या काढ्यात शिजवून शेवटी गंधोदकाची वाफ द्यावी, असे शोधन ग्रंथांत आहे. आधुनिक तपासणीतही शोधनाने बीटा-असारोन घटल्याचे दिसले. घटते, नाहीसे होत नाही. आणि स्वयंपाकघरातील सहाणेवर उगाळला जाणारा तुकडा या संस्कारांतून गेलेला असतोच असे नाही.

गुटीत एखादा वेढा म्हणजे प्रयोगातील उंदरांचा खुराक नव्हे, हे खरे. तरीही पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला वेखंडालाही लागू आहे. मोठ्यांनी घ्यायचे तर वैद्याच्या देखरेखीखाली आणि शोधित. ऊर्ध्वपातित तेल तर पोटात घेऊच नये, कारण उगाळलेल्या रेषेत जे विरळ असते ते तेलाच्या थेंबात एकवटलेले असते. कपाटातील पुरचुंडी मात्र खुशाल राहू द्यावी. पोथ्यांना कसर लागू नये म्हणून ती तेथे ठेवली गेली होती, आणि ते काम ती अजूनही चोख करते.