उन्हाळा आणि आपली मुकी जनावरे



आज आपण घरच्या जनावरांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, जनावरे आम्ही जन्मापासून सांभाळतो, त्यात नवे ते काय सांगणार? खरे आहे. म्हशीची धार कशी काढावी हे तुम्हांला आम्ही काय शिकवावे! पण चैत्र-वैशाखाच्या उन्हाविषयी चार गोष्टी बोलण्यासारख्या आहेत. एक दुभती म्हैस दगावली, तर ते घर वर्षभर उठत नाही.

भोर आणि वेल्हे म्हणजे पावसाचा मुलूख. (वेल्ह्याचे नाव राजगड करायचे २०२४ साली सरकारने ठरवले, पण तोंडात अजून वेल्हेच बसले आहे.) आषाढात घराबाहेर पाय टाकवत नाही. आणि होळी झाली, की त्याच डोंगरावरचे झरे आटू लागतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. पडले की उताराने वाहून जाते. खाली भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव एवढी धरणे आहेत. तरी वरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन डोंगर उतरतेच. धरण उशाला नि कोरड घशाला, म्हणतात ना, ते हेच.

आता जरा हिशेब करू या. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागते. म्हणजे चार-पाच हंडे झाले. शेळीला चार ते सहा लिटर. हे पाणी आणते कोण? बहुतेक घरी बाईच आणते. तेव्हा जनावराला पाणी कमी का पडते, हे बाईला विचारू नका. पुरुषांनीही दोन हंडे खांद्यावर घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जनावर पाण्यावर न्यायचे तर सकाळी उन्हाच्या आधी आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर न्यावे. भर दुपारी दोन कोस चालवत नेले, तर प्यायलेले पाणी वाटेतच जिरते. धरणावर नेत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. भाटघरचे पाणी मे महिन्यात फार मागे हटते आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, आत मात्र चिखल असतो. तहानलेले जनावर थांबत नाही, सरळ आत शिरते आणि पोटापर्यंत रुतते. म्हणून दगडगोट्यांची वाट शोधून तिथूनच न्यावे. गुराख्याच्या हाती पोरसवदा मुलगा असेल, तर त्याला ही जागा आधी स्वतः नेऊन दाखवावी.

घरी झाडाखाली एक दगडी डोण किंवा सिमेंटची टाकी ठेवली, तर जनावर लागेल तेव्हा पिते. तांदूळ धुतलेले पाणी टाकून देऊ नका, डोणीत ओता. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ आणि गुळाचा खडा घातला तर जनावर आवडीने पिते.

म्हशीला गायीपेक्षा ऊन जास्त का लागते, ठाऊक आहे? तिची कातडी काळी, ऊन ओढून घेणारी. अंगावर केस विरळ. आणि तिला घामही कमी येतो. म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. ते काही आळशीपण नव्हे, बरे का! डबके आटले असेल तर दुपारी दोन-तीनदा तिच्या अंगावर पाणी मारावे. तेवढे पाणी नसेल तर निदान ओला फडका पाठीवरून, मानेवरून फिरवावा. दूध आटते ते वैरणीवाचून आटते तसे उन्हानेही आटते.

बैलांचे काय? शेणखताच्या गाड्या उन्हाळ्यातच ओढायच्या असतात. त्याबाबत कायदाही आहे. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून कायदा झाला, आणि १९६५ साली त्याखाली नियम आले. पारा ३७ अंशांवर गेला असेल तिथे दुपारी बारा ते तीन बैल गाडीला जुंपायचा नाही. दिवसाला नऊ तासांहून अधिक कामही घ्यायचे नाही. नियम नसता तरी शहाणा शेतकरी पहाटेच गाडी जुंपतो.

आता गोठ्याकडे वळू. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर होते तेव्हा गोठा गार असे. आता पत्रे आले. पत्रा पावसाला बरा, पण वैशाखात तो तव्यासारखा तापतो. त्यावर भाताचा पेंढा किंवा गवत जाडसर पसरा. वाऱ्याने उडू नये म्हणून वर काठ्या बांधा. मात्र चूल किंवा शेकोटी जवळ नको, आणि डोंगराला वणवा लागला तर पेंढा आधी खाली काढा.

पुष्कळांची खरी अडचण वेगळीच आहे. डोंगरात बिबट्या फिरतो. म्हणून शेळ्या चारी बाजूंनी बंद खोपटात कोंडतात, खिडकी नाही, फट नाही. आत मुताचा वास आणि उकाडा! सकाळी दार उघडले, की शेळ्या धापा टाकत बाहेर येतात. बिबट्याचे भय खोटे नाही. दार उघडे टाका असे आम्ही सांगणार नाही. पण भिंतीचा वरचा हातभर भाग मोकळा ठेवून त्याला जाड तारेची जाळी पक्की ठोकता येते. समोरासमोर दोन्ही बाजूंना ठोका, म्हणजे वारा आरपार जाईल. जाळीची भोके बारीक हवीत, पंजा आत शिरता कामा नये. खर्च होईल खरा, पण तो एका करडाच्या किमतीपुढे जड वाटणार नाही.

रात्री कुत्र्यालाही आत घ्या. बिबट्या कुत्राही नेतो. दिवसा त्याला उन्हात साखळीने बांधून ठेवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तेवढ्यानेच गार होतो. म्हणून त्याच्याजवळ मातीच्या परळात पाणी हवेच. कोंबड्याही चोच उघडून धापा टाकतात. त्यांचे पाणी सावलीत ठेवा.

ऊन लागले हे ओळखायचे कसे? जनावर तोंड उघडून धापते, लाळ गळते, चारा सोडते, चालताना झोकांड्या खाते, शेवटी खाली बसते. गायीचा ताप एरवी १०१-१०२ अंश असतो. तो १०५ च्या वर गेला तर धोका समजावा. लगेच सावलीत न्या. डोके, मान, पाय यांवर साधे पाणी ओता. बर्फाचे नको. सुपाने किंवा गोणपाटाने वारा घाला. ओले गोणपाट अंगावर तसेच पांघरून ठेवू नका, ऊब आत कोंडते. जनावर शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पुढे ठेवा. आडव्या पडलेल्या जनावराच्या घशात नळीने पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाते, आणि उन्हातून वाचलेले जनावर त्याने मरते.

हे करता करताच एकाने १९६२ या क्रमांकावर फोन लावावा. तो जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. वाडीत फोनला आवाज येत नसेल तर कुठल्या टेकाडावर येतो, ते आधीच पाहून ठेवा. आणि डॉक्टर आलेच, तर घटसर्प आणि फऱ्याची लस कधी टोचणार हेही विचारून घ्या. ती पाऊस लागायच्या आधी टोचून व्हावी लागते. मृगाला मग फार दिवस उरलेले नसतात.